रोट, बूट आणि हत्तीची बस

शर्यत रविवारी होती आणि त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या जळगावच्या स्वयंपाकघरात सव्वा शेर गव्हाचं पीठ शिल्लक होतं. शर्यतीचा आणि पिठाचा काय संबंध, ते आधी सांगते.

शर्यत एकवीस किलोमीटरची. नाशिकच्या पलीकडे डोंगरात एक मोठं थीम पार्क आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, रंगवलेले राक्षस वगैरे. वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, तिथे अर्धी मॅरेथॉन भरते. पार्कच्या आतून सुटायचं, मागच्या घाटरस्त्याने डोंगराला वळसा घालायचा आणि परत पार्कात यायचं. धावणाऱ्याने नाव नोंदवलं की घरच्यांना पाळण्यांची तिकिटं सवलतीत मिळतात, त्यामुळे धावणारा एक आणि टाळ्या वाजवणारे सहा असा सगळा कारभार असतो. अट एकच: साडेसहाला सुटलेल्याने साडेनऊच्या आत यायचं, कारण त्यानंतर पार्क लोकांसाठी उघडतं. जे मागे राहतात त्यांना उचलायला शेवटून बस येते. ही बस एरवी पार्कात पोरांना फिरवते. पुढून हत्तीचं तोंड, सोंडेसकट.

गेल्या वर्षी त्या बसमध्ये माझी धाकटी जाऊ बसली होती.

मी जळगावला, ती धुळ्याला. मला डॉक्टरांनी साखर काठावर आहे असं सांगितलं म्हणून मी मेहरूण तलावाभोवती चालायला लागले. चालण्याचा कंटाळा आला तेव्हा धावायला लागले. मी धावते म्हणून ती धावायला लागली. गेल्या वर्षी दोघींनी पहिल्यांदाच नाव दिलं. तेरा किलोमीटर बरोबर होतो. मग चढ लागला आणि ती मागे पडायला लागली.

"ताई, तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

मी झाले. घड्याळ बघितलं होतं. थांबले असते तर दोघी बसमध्ये गेलो असतो. मी चार मिनिटं राखून पोचले, मेडल गळ्यात घालून फोटो काढला, केळं खाल्लं, आणि अर्ध्या तासाने हत्ती आला. त्यातून माझी जाऊ उतरली.

बाकी कुणाच्या घरी हे एका दिवसात विसरले असते. आमच्याकडे नाही. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, जिथे तिथे सांगायचा, "आमच्या घरी दोन धावणाऱ्या आहेत. एक पायी, एक बसने." लग्नात, बारशात, साखरपुड्यात भाऊबंदांतल्या बायका तिला विचारायच्या, "काय गं, बस भेटली का वेळेवर?" ती हसायची. मग यंदाची नोंदणी सुरू झाली त्या दिवशी सकाळी सात वाजता तिचा फोन आला.

"ताई, मी पैसे भरले. तुम्हीही भरा."

"विचार तरी करू दे."

"विचार काय करायचा त्यात? मला एकदा तरी त्या दारातून माझ्या पायांनी आत यायचंय. पुढे मग नाही धावले तरी चालेल."

मी भरले. यंदा तिच्या बरोबरीने धावायचं, असं ठरवून भरले. तिला तसं सांगितलं मात्र नाही. वेळापत्रक काढलं: किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं. तेवढी पाळली तर दोघी सहा मिनिटं राखून पोचत होतो.

अडचण चढाची होती. जळगाव सपाट आहे. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. उन्हाळाभर मी पहाटे साडेचारला उठून त्या पुलावरून खालीवर करत होते. सहानंतर ऊन टेकू देत नाही. दूधवाला विचारायचा, "काकू, काही हरवलं का?" तिकडे धाकटीला लळिंगचा घाट होता. दर रविवारी दीर तिला मोटरसायकलवर पायथ्याशी सोडायचा आणि स्वतः टपरीवर चहा घेत बसायचा. मला हेवा वाटायचा, पण हेवा करून चढ मिळत नाही.

आता पीठ.

आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. मूळ घर शिंदखेड्याकडचं, पण आता भाऊ दोन गावांत, म्हणून एक वर्ष धुळ्याला आणि एक वर्ष जळगावला. यंदा आमच्याकडे होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घ्यायचे, आमच्याकडे सव्वा शेर, आणि ते दळून त्यांच्या पुरणाच्या पोळ्या करायच्या. त्यांना रोट म्हणायचं. रोटाचे नियम कडक. भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायचा नाही. उंबरठ्याबाहेर न्यायचा नाही. आणि पौर्णिमेच्या आत सगळं पीठ संपवायचं. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, आणखी एक नियम घातलेला आहे: ज्याच्या नावाचा रोट, त्याने पहिला घास खायचा. त्यानंतर कुणीही हात लावावा.

दीर नरडाण्याच्या एका कारखान्यात आहे. कानबाईच्या रविवारी नेमकी त्यांच्याकडे मोठी मशीन दुरुस्तीला उघडली होती, त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याच्या नावाचं पीठ वेगळ्या डब्यात तसंच राहिलं. पौर्णिमा शनिवारी. आम्ही निघणार शनिवारी पहाटे चारला. माझ्या माहेरच्या भावाला मी आधीच कळवून टाकलं होतं की राखी सोमवारी.

बुधवारी अक्कांनी डबा उघडून बघितला, परत झाकला आणि म्हणाल्या, "रोट नही सरना तं धाकटी थांबी. तिना घरना रोट शे."

म्हणजे रोट संपला नाही तर धाकटीने शर्यतीला यायचं नाही. आणि विषय संपला. अक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला तरी आठवत नाही. मी दिराला फोन लावला.

"शुक्रवारी ड्यूटी संपली की नरडाण्याहून सरळ रेल्वेने इकडे ये. भुकेला ये."

"वहिनी, मी राहतो धुळ्यात. तुम्ही शनिवारी धुळ्यावरूनच जाणार. म्हणजे मी उलटा जळगावला येऊ, जेवू, आणि सकाळी परत धुळ्यावरून जाऊ?"

"हो."

"त्यापेक्षा पीठच गाडीत घालून आणा ना."

"हे अक्कांना सांग. देऊ फोन?"

"नको, नको. येतो."

धाकटी आपल्या मुलीला घेऊन गुरुवारीच एसटीने आली. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी तलावावर शेवटचे चार किलोमीटर हलकं धावलो. पावसाने रस्ता चिखलाचा झाला होता. घरी आल्यावर मी बूट धुतले. श्रावणातल्या हवेत बूट वाळत नाहीत, म्हणून फ्रिजच्या मागे, जिथून गरम हवा येते, तिथे ठेवले. अत्यंत योग्य जागा. त्याच फ्रिजच्या दारावर प्रवासाची यादी चिकटवलेली होती. त्यात सगळं होतं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धावायचे नंबर, सुया-दोरा, पोटदुखीच्या गोळ्या, अक्कांची मिसरीची डबी, मुलीचा चार्जर, पुतणीचा पोहण्याचा पोशाख, नवऱ्याची टोपी, कारण टोपीशिवाय तो सर्दीची कथा सुरू करतो. एकेक वस्तू बॅगेत गेली की मी रेघ मारत होते.

शुक्रवारी दीर साडेसातला आला. धाकटीने पीठ काढून ठेवलं होतं, पुरण वाटून तयार होतं. त्याने दारात चप्पल काढली आणि पोटावर हात ठेवून उभा राहिला. मला तेव्हाच शंका आली.

"आमच्या साहेबांचा निरोप समारंभ होता," तो म्हणाला. "वरण-बट्टी होती."

"किती खाल्ल्या?" धाकटीने विचारलं.

"पाच."

तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"सहा. एक आग्रहाची."

"भुकेला या म्हटलं होतं ना? ताईंनी फोन करून सांगितलं होतं ना?"

"अगं, साहेब स्वतः वाढत होते!"

"साहेब रिटायर झाले. मी अजून व्हायचेय. माझं काय ते आज ठरवा."

अक्का पाटावरून म्हणाल्या, "आठे बस. पहिला घास तुना. मंग बठ्ठा जण खातीन."

पहिला रोट तव्यावर पडला. दिराने दूध-तुपात बुडवून एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला डोळे मिटले. मी म्हटलं, पुरे. नियम पहिल्या घासाचा आहे.

"मग मी सुटलो?"

"पोट भरलंय, हात रिकामे आहेत. ऊठ, तव्यापाशी उभा राहा."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा रोट उलटले. दोन करपले. तेही खाल्ले, कारण करपलेला रोट मोजत नाहीत असा काही नियम नाही. पीठ लवकर संपावं म्हणून पुरण मी मुद्दाम कमी भरत होते आणि पारी जाड ठेवत होते. माझी मुलगी फोनवर वाचून दाखवत होती की शर्यतीच्या दोन दिवस आधी धावणाऱ्याने पोळी, भात, बटाटा असलं भरपूर खावं, त्याने अंगात ताकद साठते.

"म्हणजे कानबाईला हे सगळं आधीच माहीत होतं," नवरा म्हणाला आणि तिसरा रोट घेतला.

आठवडाभर आम्ही रोटच खात होतो हे लक्षात घ्या. तरी सगळे बसले. अक्कांनी दीड खाल्ला, मुलीने दोन. नऊ वर्षांच्या पुतणीने अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा तिच्या बापाच्या ताटात ढकलला. तो त्याने मुकाट्याने संपवला. नवऱ्याने चारावर हात टेकले. मी तीन खाल्ले. साडेनऊला एक रोट उरला. सगळे त्या एका रोटाकडे बघत भिंतींना टेकून बसले होते. धाकटीने तो उचलला, गुंडाळी केली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. शेवटचा घास गिळून डबा उपडा केला, अक्कांपुढे धरला.

अक्कांनी डब्यात हात फिरवला. "सरना," त्या म्हणाल्या. "जा. पळा आते."

त्या गडबडीत भांडी, ओटा, सगळं आवरून मी झोपले आणि पहाटे चारला भाड्याची क्रूझर दारात उभी राहिली. यादीतल्या सगळ्या ओळींवर रेघा होत्या. मी घराला कुलूप लावलं आणि समाधानाने बसले. पारोळा गेलं, धुळं आलं. दीर खिडकीतून आपल्या गल्लीच्या दिशेला हात दाखवून म्हणाला, "ते बघा माझं घर. नमस्कार." कुणी हसलं नाही. मालेगावच्या पुढे दशम्या सोडल्या तेव्हा हसले.

संध्याकाळी पार्कजवळच्या खोलीत मी दोघींचं सामान पलंगावर मांडायला घेतलं. नंबर, पिना, मोजे, टोप्या. धाकटीचे बूट. आणि मग मला फ्रिज दिसला. म्हणजे डोळ्यांपुढे दिसला. यादी पुढे, बूट मागे. यादीत सगळ्या घराचं होतं, माझं म्हणून काही नव्हतं. स्वतःचे बूट कोण यादीत लिहितं?

नवरा गाडी घेऊन शोधायला गेला. पार्कबाहेरच्या दुकानांत पाण्यात घालायच्या रबरी चपला होत्या आणि एका ठिकाणी लग्नातले चकचकीत बूट. तो परत आला तेव्हा धाकटी हातात स्वतःचे बूट घेऊन माझ्यापुढे उभी होती. आमचं माप एकच आहे.

"हे घाला, ताई."

"आणि तू?"

"मी चपलेवर जाते. गावाकडे नाही का चपलेवर जात?"

"वेडी आहेस का? वर्षभर लळिंग चढलीस ती चपलेवर धावायला? ठेव ते खाली."

"तुम्हीसुद्धा वर्षभर पूल चढलात."

"ठेव म्हटलं ना."

तिने ठेवले. शेवटी माझ्या मुलीचे बूट घेतले. ते मला एका नंबराने मोठे होतात. दोन जोड मोजे चढवले, नाडी आवळली, खोलीत चार फेऱ्या मारून बघितल्या. चालतील असं जाहीर केलं. अक्का पलंगावरून माझ्या पायांकडे बघत होत्या. त्या गप्प बसतात तेव्हा मला जास्त काळजी वाटते.

सकाळी साडेसहाला सुटलो. बारीक पाऊस, धुकं, दोन्ही बाजूंना बंद असलेले पाळणे. एक रंगवलेला राक्षस सगळ्यांना हात हलवून निरोप देत होता, आत कुणी माणूस असावा. दहा किलोमीटर वेळापत्रकाप्रमाणे झाले. मी मिनिटं सांगायची, ती मान हलवायची. बाराव्याला माझ्या उजव्या अंगठ्याने तक्रार केली. तेराव्याला चढ लागला आणि बाकीच्या बोटांनीही केली. मोठ्या बुटात चढावर टाच मागे सरकते आणि उतारावर बोटं पुढे आपटतात. ही माहिती मला कुठल्याही लेखात वाचायला मिळाली नव्हती.

धाकटी मात्र चढत होती. गेल्या वर्षी जिथे ती थांबली होती त्या वळणावरून ती माझ्यापुढे चार पावलं गेली, भानावर आली आणि परत मागे आली. पुन्हा चार पावलं पुढे, पुन्हा मागे. दारात बांधलेल्या वासरासारखं चाललं होतं. सोळाव्याच्या पाटीपाशी मी घड्याळ बघितलं. दोन तास बारा मिनिटं. अगदी वेळेवर होतो, पण आता मला धावता येत नव्हतं.

"ताई, चला."

"तू हो पुढे."

ती थांबली. हे वाक्य दोघींनाही माहीत होतं, फक्त या वेळी ते मी म्हटलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "दोघी जाऊ. हळूहळू."

"हळूहळू गेलो तर दोघी हत्तीत. तुझ्याकडे अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत आणि पाच किलोमीटर. चालशील तर संपलीस, पळशील तर पोचशील."

"अहो, पण मी तुम्हाला असं सोडून..."

"मी गेल्या वर्षी सोडलं ना तुला? मेलीस का?"

तिला हसू आलं. मग ते हसू पुसून ती वळली आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. बरं केलं. मीही बघितलं नव्हतं.

मी अठरापर्यंत चालले. बूट काढले, मोजे बघितले, परत घातले. रस्त्यावर माझ्याखेरीज एक गृहस्थ होते, ते पोटरी धरून दगडावर बसले होते. आम्ही एकमेकांना कुठल्या गावचे ते विचारलं. ते पाचोऱ्याचे निघाले. जगात कुठेही मागे राहा, शेजारी आपल्याकडचा माणूस सापडतोच. मग मागून पोरांच्या गाण्याचा आवाज आला आणि वळणावरून सोंड दिसली.

"या काकू, बसा," चालक म्हणाला. "पायरी जपून."

बस वाईट नव्हती. बाकं पोरांच्या मापाची होती म्हणून गुडघे छातीशी आले, एवढंच. गाणं बंद होत नव्हतं. चालक म्हणाला की इंजिन सुरू असलं की तेही सुरू असतं. आम्ही सात जण होतो. उतारावरून पार्क दिसायला लागलं तेव्हा मी मान लांब करून बघत होते. प्रवेशदारावरचं मोठं घड्याळ दिसत होतं, पण त्यावर धुकं होतं. साडेनऊ वाजून गेले होते, एवढं माझ्या मनगटावर कळत होतं. ती पोचली की नाही ते कळत नव्हतं. ती रस्त्यात कुठे दिसली नव्हती, ही चांगली गोष्ट होती. की धुक्यात बाजूला कुठे बसली असली तर?

बस बाजूच्या फाटकातून आत गेली आणि थांबली. आमचं सगळं खानदान ओळीने उभं होतं. सगळ्यात पुढे अक्का, खुर्चीवर, मांडीवर पुतणीची ओली टोपी. त्यांनी मला पायरीवरून उतरताना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बसमा बठीसन उनी का मोठी?"

"हो, अक्का."

दीर माझ्याकडे बघून तोंड उघडणार होता. वर्षभर तयार केलेलं वाक्य त्याच्या ओठांवर दिसत होतं. पण त्याच्या शेजारी धाकटी उभी होती आणि तिच्या गळ्यात मेडल होतं, म्हणून त्याने तोंड मिटलं.

"किती?" मी विचारलं.

"दोन मिनिटं राखून," ती म्हणाली. मग खाली बसली आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. डावा काढला, उजवा काढला, अंगठा बघितला, चुकचुकली. वर बघितलं तेव्हा चेहरा अगदी गंभीर ठेवला होता.

"बसायला जागा तरी मिळाली ना, ताई?"

"मिळाली," मी म्हटलं. "खिडकीची."